बाराव्या रांगेतली शाल

१

त्या रविवारी सकाळपासून आभाळ खाली उतरलं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसता करडा ओलावा. दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते. रस्त्यावरची माणसं हळू आवाजात बोलत होती, जसं जवळच कुणी आजारी माणूस झोपलंय. माझ्या घरात झोपलंच होतं. बायकोच्या पाठीशी उशा लावल्या, चमच्यानं पाणी पाजलं, समोरच्या घरातल्या बेकरीवालीला "जरा लक्ष असू दे गं" म्हटलं आणि मी घड्याळजीच्या दुकानाकडे निघालो.

दर रविवारी आम्ही तिथे जमतो. पुढे दुकान, मागे एक खोली. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. आम्ही चौघं. घड्याळजी, पोस्टमन (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पोस्टमनच), शिवणकाम करणाऱ्या बाई आणि मी. शनिवारी ज्यानं जे गाणं-वाजवणं स्वतः जाऊन ऐकलं, ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं. रेडिओवरचं चालत नाही. नियम एकच, पण कडक: सुरुवात आपण कुठे बसलो होतो तिथून करायची. घड्याळजी म्हणतो, जागा कळल्याशिवाय ऐकणं कळत नाही. खांबामागे बसलेल्याची मैफल वेगळी आणि पंख्याखाली बसलेल्याची वेगळी.

मी दीड वर्ष कुठल्या कार्यक्रमाला गेलेलो नाही. बायकोचा उजवा हात आणि वाचा एकाच सकाळी गेली. त्याआधी आम्ही एक कार्यक्रम चुकवत नव्हतो. मोठ्या सभागृहातल्या खुर्च्या मी एकतीस वर्षं दुरुस्त केल्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते, त्या जातीच्या खुर्च्या. मी शाळेत गेलो नाही. आकडे आणि अक्षरं तिनंच मला शिकवली, त्याच खुर्च्यांच्या पाठीवरच्या रांग-नंबराच्या पत्र्यांवरून. मी निवृत्त झालो तेव्हा सभागृहानं बाराव्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या आम्हाला कायमच्या देऊन टाकल्या. एक नंबर माझी, दोन नंबर तिची. नोकरीत असताना दिवे मंद होईपर्यंत मी कुठे ना कुठे पाना फिरवत असायचो. ती आपली माझी बैठक उजव्या हातानं दाबून धरून बसायची, मी अंधारात आलो तर आवाज होऊ नये म्हणून.

त्या दोन खुर्च्या रिकाम्या बघवत नाहीत, असं शिवणबाईच एकदा म्हणाल्या होत्या. "काकूंची शाल द्या. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकत जाईन. मी शेजारच्या तीन नंबरवर असते, त्यांच्या जागेवरून कसं ऐकू येतं ते तुम्हाला सांगेन. तुम्ही घरी तसं त्यांना सांगा." मला ते पटलं. निळी शाल मीच दिली, एका कोपऱ्याला तपकिरी दोऱ्यानं रफू केलेली. कुणाचं वाईट करावं असं कुणाच्याच मनात नव्हतं, एवढं लिहून ठेवतो.

त्या रविवारी पोस्टमन कालच्या ढोलवादनाबद्दल सांगत होता. "मी पाच नंबरवर. पण पोचायला उशीर झाला. दोन नंबरची बैठक खाली होती, तेव्हा काकूंच्या गुडघ्यांवरून, म्हणजे शालीपुढून, अंग चोरत आत शिरलो..."

"बैठक खाली होती?" मी विचारलं.

"होती की."

"शाल बैठकीवर ठेवली होती का?"

"पाठीवरच होती," शिवणबाई म्हणाल्या. "नेहमीसारखी."

मी बसवलेली स्प्रिंग तेरा किलोच्या आत बैठक खाली राहू देत नाही. शाल पाऊण किलोची, तीही पाठीवर.

"तुझ्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या असतील," घड्याळजी म्हणाला. "मालकावर गेल्यात."

सगळे हसले. मीही हसलो.

२

घरी येऊन मी बायकोला सांगायला बसलो. आमची रीत ठरलेली. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचं, तिचा डावा हात पांघरुणावर मोकळा ठेवायचा आणि म्हणायचं, "तू बाराव्या रांगेत, दोन नंबरच्या खुर्चीवर बसलीस." मग पडदा, मग दिवे, मग गाणं. तिला बोलता येत नाही, पण मी सांगत असलो की डाव्या हाताची बोटं पांघरुणावर ठेका धरतात. मी चुकलो की थांबतात. डोळ्यांनी रागावतेही.

त्या दिवशी माझ्या सांगण्यात ढोल सुरू होण्याआधीच तिची बोटं चालू झाली. मला वाटलं, घाई झालीय. मी सांगत राहिलो, ती वाजवत राहिली, माझ्या पुढे पुढे. मग एकदम बोटं थांबली. एक श्वासभर. दोन अगदी हलके ठोके पडले आणि ठेका पुन्हा नीट चालू झाला.

"दमलीस का गं?" मी म्हटलं.

तिनं मान हलवली, नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवून दाखवलं. त्याच जागी थांबली. एक श्वास. दोन हलके ठोके. तिसऱ्यांदाही तसंच. तिच्या चेहऱ्यावर गंमत होती, दोघांनाच माहीत असलेली गोष्ट तिसऱ्यासमोर न बोलताना असते तशी. फक्त तिसरा तिथे मीच होतो.

३

पुढच्या रविवारी मी घड्याळजीला, त्या दिवशी ढोल मधेच थांबला होता का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"तुला कुणी सांगितलं? ढोलवाल्याची काठी निसटली होती. एक श्वासभर. मग त्यानं बोटांनीच दोन हलके ठोके दिले, तेवढ्यात काठी उचलली. मी टिकटिक ऐकत जन्म काढला म्हणून मला कळलं. या दोघांच्या लक्षातही आलं नाही."

"कुठे काय?" पोस्टमन म्हणाला. "झकास वाजवला त्यानं."

"कलाकाराची चूक सांगू नये म्हणून मी बोललो नव्हतो. तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, बायकोनं सांगितलं. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ सांगत राहिली.

मग शिवणबाई म्हणाल्या, "काका, एक विचारू? कार्यक्रम संपला की मी शालीची घडी घालते. ती गरम असते."

"भरल्या सभागृहात कापड गरम होणारच, बाई."

"व्हावं. पण बाहेरून गार असते. आतून गरम असते."

कापडाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी चहा प्यायलो. पोस्टमन नेहमी बडबडणारा माणूस, पण आता खाली बघत म्हणाला, "काल तर मी जाताना ‘जरा येऊ का’ असं म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. आणि जागा झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे मला जाता आलं. धक्का न लागता." त्यानं आपले गुडघे एका बाजूला वळवून दाखवले, बसलेलं माणूस दुसऱ्याला जाऊ देताना वळवतं तसे. "मी काही बघितलं नाही हं. अंधार होता."

४

डोक्यातला गोंधळ हातानं निस्तरता येतो, असं मी आयुष्यभर मानत आलो. बुधवारी दुपारी पान्यांची जुनी पिशवी घेऊन सभागृहात गेलो. तिथला राखणदार मला ओळखतो. त्यानं बाजूचं दार उघडून दिलं आणि एकच दिवा लावला, मधला.

रिकाम्या सभागृहात आपल्या पावलांचा आवाज आधी पुढे जातो आणि मग परत येतो. मला त्याची सवय होती. बाराव्या रांगेशी पोचलो. सगळ्या बैठका वर मिटलेल्या, दोन नंबरचीही. गुडघ्यावर बसून खालून हात घातला. स्प्रिंग घट्ट होती. पाच वर्षांपूर्वी मीच बदललेली, माझी खडूची खूणसुद्धा तशीच. पान्यांची पिशवी आठ किलोची. ती बैठकीवर ठेवली. बैठक अर्धी खाली आली, थांबली, आणि पिशवीला माझ्याकडे ढकलत वर गेली. खुर्चीत खोट नव्हती. मला जरा बरं वाटलं. बरं वाटायला नको होतं, हे नंतर लक्षात आलं. खोट असती तर बरं होतं.

"त्याच खुर्चीसाठी आलात ना?" राखणदार मागून म्हणाला. "मी तुम्हाला निरोप देणारच होतो."

"का?"

"लोक उठले की सगळ्या खुर्च्या एकदम मिटतात, फटफट फटफट. तुम्हाला माहीतच आहे. ही एक मिटत नाही लगेच. सभागृह रिकामं होतं, मी झाडू घेऊन येतो, तोवर खालीच असते. मग मिटते, हळू." त्यानं झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "एखाद्या आजारी माणसाला उठायला वेळ लागतो ना, तेवढा वेळ."

५

एकतीस वर्षं खुर्च्या उचलल्यावर वजन माझ्या हातांना कळतं. बायकोची कूस दिवसातून चार वेळा बदलावी लागते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि किती जोर लावायचा ते दंडांना पाठ झालंय.

त्या शनिवारी सभागृहात बासरी होती. सहा वाजून गेले होते, म्हणजे ती सुरू झाली असणार. कूस बदलायची वेळ झाली म्हणून मी हात घातले, रोजचा जोर लावला, आणि ती एकदम वर आली. माझाच तोल गेला. भिंतीला टेकलो नसतो तर दोघं खाली पडलो असतो. ती हातात होती, पण जेवढी असायला हवी तेवढी नव्हती. तिचे डोळे मिटलेले, ओठ किंचित हसरे, बोटं माझ्या बाहीवर वाजत होती, संथ.

उरलेलं वजन कुठे गेलं असेल, हा विचार मी मनात पुरा होऊ दिला नाही.

रविवारी सकाळी उचललं तेव्हा ती भरली होती. पण सगळी नाही. पुढच्या शनिवारनंतर आणखी थोडी कमी. डॉक्टर म्हणाले, "खाणं कमी झालंय, वय आहे, असं होतंच." त्यांचं म्हणणं खोटं नसेल. पण ज्या शनिवारी कार्यक्रम नसायचा त्या आठवड्यात ती उतरत नव्हती, हे डॉक्टरांना कसं सांगायचं? मी अडाणी माणूस. ते हसले असते, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मी शिवणबाईंकडे जाऊन शाल परत मागितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. घडी आधीच घालून ठेवली होती.

तो शनिवार आला. सहा वाजता बायकोनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी शाल तिच्या पायांवर टाकली. ती बघत राहिली. बोटं हलली नाहीत. मी म्हटलं, "तू बाराव्या रांगेत..." आणि तिनं मान भिंतीकडे वळवली. चमच्यानं पाणी दिलं, ते ओठांवरून उशीवर ओघळलं. दुसऱ्या शनिवारीही तसंच. कूस बदलताना दंडांना पुरं वजन लागत होतं, रोजच्या रोज, तेवढंच. वजन होतं. ती नव्हती.

पंधरा दिवस मी हे पाहिलं. तिला धरून ठेवायचं की जाऊ द्यायचं, असं कुणी मला विचारलं असतं तर मी धरून ठेवणारच म्हणालो असतो. पण कुणाला धरून ठेवलंय हे तर कळायला हवं. तिसऱ्या शनिवारी दुपारी मी शाल उचलली आणि तिला म्हटलं, "आज देतो त्यांच्याकडे. आणि मीही येतो."

तिच्या बोटानं पांघरुणावर एकदाच ठोका दिला.

६

बेकरीवाली पहाटेच्या पाळीला जाते, म्हणून दुपारनंतर घरी असते. ती बायकोजवळ बसायला आली, केसात अजून पीठ होतं. "जा काका निवांत," म्हणाली. "दीड वर्षात कुठे गाणं ऐकायला गेला नाहीत. मी विणत बसते इथे."

शाल शिवणबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "आमच्यात बसा ना, तुमची खुर्ची आहेच." मी म्हटलं, लवकर परतायचंय, मागे दारापाशीच बसतो. खरं कारण ते नव्हतं. माझी हक्काची खुर्ची त्या खुर्चीच्या शेजारी होती आणि माझं तिथे बसायचं धाडस झालं नाही.

सगळ्यात मागची रांग. दिवे मंद झाले. एक गाणारी बाई आणि तिच्यासोबत व्हायोलिनवाला. मी बाराव्या रांगेवर नजर ठेवली. पाच नंबरवर पोस्टमनचं टक्कल, चारवर घड्याळजी, तीनवर शिवणबाईंचा तपकिरी कोट. दोनवर पाठीला शाल, सपाट. एक नंबर रिकामी, मिटलेली. मी स्वतःला म्हटलं, शाल आहे. नुसती शाल आहे.

गाणं सुरू झालं. दीड वर्षानं ऐकत होतो. थोडा वेळ मी खरंच नुसता ऐकत राहिलो. पुढचा माणूस शेजारणीशी बोलायला वाकला, त्याचं डोकं मधे आलं. ते बाजूला झालं तेव्हा शाल सपाट नव्हती. दोन्ही बाजूंना उतरती होती, खांद्यांवरून उतरते तशी. वर काय होतं ते मला दिसलं नाही. वर अंधार होता. पण पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या फटीतून दिसत होता.

मी मनात हिशेब मांडला. म्हातारे डोळे, मंद उजेड, लांबचं अंतर. एवढ्या गोष्टी असल्यावर माणसाला काहीही दिसतं.

तेवढ्यात बाराव्या रांगेतल्या माझ्या एक नंबरच्या खुर्चीची बैठक खाली जाऊ लागली.

माणूस बसतो तेव्हा ती धपकन जाते. ही तशी गेली नाही. हळू गेली, आवाज न करता, कुणीतरी तळवा ठेवून दाबत न्यावी तशी. पूर्ण खाली गेली आणि तिथेच राहिली. शालीची उजवी बाजू तिकडे ताणली गेली होती. रफूचा तपकिरी कोपरा मला इतक्या लांबून दिसायला नको होता, पण दिसला.

मी उठलो. माझी बैठक मागे फटकन मिटली. एवढ्या वर्षांत मी कधी कुणाच्या गाण्यात आवाज केला नव्हता. कुणी मागे वळलं नाही. फक्त बाराव्या रांगेत ती निळी शाल थोडी हलली, ओळखीचा आवाज ऐकून माणूस मान वळवायला लागतं तशी. मी तेवढ्यावर दार ढकललं.

७

बाहेर अजून संधिप्रकाश होता. मी धावलो नाही, मला धावता येत नाही. भाजीच्या गाड्या, औषधाचं दुकान, शाळेची भिंत, सगळं जागच्या जागी होतं. मी वाटेत एकच गोष्ट मनात घोळवत होतो. घरी ती पलंगावर असणार, मी तिची कूस बदलणार, आणि दंडांना कळेल.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बेकरीवाली उभी होती. विणकाम हातात तसंच, सुया लोंबत होत्या. ती रडत होती आणि हसत होती. तिच्या खांद्यावरून मला आतली खोली दिसली. दिवा लावलेला. पलंगाच्या कडेला बायकोचा हात पांघरुणाबाहेर आलेला होता. उजवा हात. तळवा जमिनीकडे, बोटं ताठ, जणू खाली काहीतरी आहे आणि ते वर येऊ द्यायचं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काका, काकू बोलल्या हो," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट. मी चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच. म्हणाल्या, ‘हे मागे जाऊन बसलेत बघ. त्यांना सांग, लवकर या म्हणावं, हात भरून आलाय माझा, किती वेळ जागा धरून ठेवू.’"